मुकुट उतरवणारा राजा

रात्रीचे दोन वाजून गेलेले. देवाची पालखी प्रदक्षिणा करून बसली आहे, खाज्याची दुकाने अर्धी झाकली आहेत, आणि देवळासमोरच्या मांडवात एका लाकडी बाकड्यावर चादर टाकली आहे. एका अंगाला पायपेटी, पखवाज आणि झांज. ते बाकडे म्हणजे आत्ता मणिपूरचे सिंहासन आहे. बाकड्याच्या अलीकडे अर्जुन, पलीकडे बभ्रुवाहन. अश्वमेधाचा घोडा मणिपुरात शिरला आहे. मुलगा हातात पूजेचे ताट घेऊन बापाला सामोरा आला आहे आणि बाप त्याला हिणवतो आहे: क्षत्रियाचे पोर शस्त्र टाकून ताट घेऊन येते काय?

कणकवली तालुक्यातल्या एका जत्रेत हे आख्यान बघत असताना माझ्या मागे बसलेल्या म्हातारीला राहवले नाही. ‘‘अरे, बापूस मां तो तुझो!’’ ती ओरडली. बभ्रुवाहन थबकला. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि अर्जुनाकडे वळून म्हणाला, ही प्रजासुद्धा मला आठवण करून देते आहे, तुम्हाला मात्र आठवत नाही. मांडवात टाळ्या पडल्या. ते वाक्य कुठल्याही संहितेत नव्हते, कारण दशावतार या लोकनाट्याला संहिताच नसते.

पुढची लढाई पाच मिनिटांत उरकली. बाकड्याभोवती दोन गिरक्या, तलवारीला तलवार, पखवाजाचा कडकडाट, आणि अर्जुन पडला. लढाईआधीचे बापलेकाचे बोलणे मात्र पाऊण तास चालले होते, आणि नंतरचा चित्रांगदेचा विलाप जवळजवळ तेवढाच.

हीच गोष्ट ग्रीकांकडेही होती. ‘टेलेगोनी’ नावाचे एक महाकाव्य आज हरवले आहे, फक्त त्याचा सारांश शिल्लक आहे. ओडिसियस राजाला सर्सी नावाच्या मायाविनीपासून झालेला टेलेगोनस बापाला शोधत इथाका बेटावर येतो, ओळख न पटता लढाई होते आणि मुलाच्या हातून बाप मरतो. राज्याबाहेर वाढलेला मुलगा, शस्त्र हातात असताना झालेली गाठ आणि पडलेला बाप: मांडणी तीच. अर्जुन नागकन्या उलूपीच्या मण्याने पुन्हा उठतो. ओडिसियस उठत नाही.

ग्रीक महाकाव्ये म्हटली की आपल्याला ट्रॉयचा लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच आठवते. गंमत अशी की टाचेची गोष्ट होमरच्या काव्यात नाही, आणि घोड्याची ‘इलियड’मध्ये नाही; ‘ओडिसी’त ती आठवण म्हणून येते. मग या काव्यांत आहे काय? मला वाटते, त्या रात्री बाकड्यावर जे चालले होते तेच: घरातल्या माणसांशी झालेले, पुरते न मिटलेले बोलणे.

न लिहिलेले काव्य

‘इलियड’च्या ओळी सुमारे १५,७००, ‘ओडिसी’च्या सुमारे १२,१००. दोन्ही इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या आसपास आकाराला आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. एवढे मोठे काव्य एका माणसाने पाठ कसे केले, हा जुना प्रश्न. त्याचे उत्तर मिल्मन पॅरी या तरुण अमेरिकन अभ्यासकाने ग्रंथालयाबाहेर शोधले. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियातल्या खेड्यांत फिरला, तिथल्या एकतारी ‘गुसले’वर वीरकथा गाणाऱ्यांची गाणी त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरवून घेतली. त्यांतल्या अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १२,३११ ओळींचे एक काव्य काही दिवसांत सांगितले. म्हणजे जवळजवळ ‘ओडिसी’एवढे! पॅरी ३३ व्या वर्षीच गेला. त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड याने १९६० साली हे काम पुस्तकरूपाने पुढे आणले.

पॅरीचे म्हणणे असे, की गायक काव्य पाठ करत नाही, तो ते दर वेळी नव्याने जुळवतो. त्याच्यापाशी कथेचा सांगाडा असतो आणि वृत्तात चपखल बसणारे तयार शब्दगुच्छ असतात. अकिलीस म्हटला की चपळ पायांचा, हेक्टर म्हटला की झळाळत्या शिरस्त्राणाचा. ओळ भरली जाते आणि गायकाला पुढच्या ओळीसाठी श्वास मिळतो.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजावून सांगायला युगोस्लाव्हिया लागत नाही. संध्याकाळी कंपनी गावात उतरते, पेटाऱ्याची पूजा होते, आणि रंग लावता लावता आजचे आख्यान कोणते ते ठरते. कोणाचा राजपार्ट, कोणाचा स्त्रीपार्ट, कोण नारद, हे सांगून कथेचे टप्पे वाटून दिले की झाले. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर असा आडदशावतार आटोपला, की पहाटेच्या दहीकाल्यापर्यंतचे सगळे बोलणे ज्याचे त्याने उभे करायचे. नटाच्या पाठीशी असतात लहानपणी श्रावणात ऐकलेल्या पोथ्या (श्रीधरांचा १७०३ चा ‘रामविजय’, १७१२ चा ‘पांडवप्रताप’) आणि आधीच्या पिढीतल्या नटांच्या लकबी. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ केले. त्यांचे वडील बाबी कलिंगण हेही दशावतारातले नावाजलेले नट. राजपार्टसुद्धा इथे बापाकडून मुलाकडे जातो.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पॅरी गायकांच्या शोधात निघाला त्याच १९३३ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकर महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतले आदिपर्व पुरे करत होते. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये संपले. हस्तलिखिते ताडून पाहताना प्रश्न तोच होता: जे काव्य शेकडो तोंडांतून आले, त्याचा ‘मूळ’ पाठ म्हणायचा कशाला?

राजा आणि त्याचा मान

‘इलियड’ची सुरुवात युद्धाने होत नाही, मानपानाने होते. ट्रॉयला वेढा पडून नववे वर्ष सरले आहे. सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉन याच्या वाट्याला आलेली दासी ही अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी निघते. साथ पसरते, मुलगी परत द्यावी लागते. सगळ्यांदेखत आपलाच वाटा जातो म्हणून राजा चिडतो आणि अकिलीसच्या वाट्याची ब्रायसीस उचलून नेतो. अकिलीस शस्त्र खाली ठेवून तंबूत जाऊन बसतो. पुढचे हजारो मृत्यू यातून घडतात.

त्या वाट्याला ग्रीक शब्द आहे ‘गेरास’: सर्वांनी मिळून, सर्वांसमोर दिलेला मानाचा वाटा. तळकोकणात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. बारा-पाचाचे मानकरी, पहिला नारळ कोणाचा, पालखीचा खांदा कोणाचा, प्रसाद आधी कोणाच्या हातावर पडायचा, यावरून भावकी दुभंगल्याच्या, वाद कोर्टात गेल्याच्या आणि जत्रा बंद पडल्याच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकल्या आहेत. बाहेरच्याला वाटते, एका नारळासाठी एवढे? आतल्याला माहीत असते की भांडण नारळाचे नाही, चारचौघांत आपले स्थान काय याचे आहे. अकिलीसचेही तेच. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की त्याच्या मानाचा नारळ ही एक जिवंत बाई आहे. तिचा नवरा आणि तीन भाऊ याच युद्धात मारले गेले आहेत, आणि एकोणिसाव्या सर्गात कवी तिला स्वतःच्या तोंडाने ते सांगू देतो.

होमरचे राजे हे आपल्या डोळ्यांपुढच्या छत्रपती-सम्राटांसारखे नाहीत. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने मायसिनी काळातल्या मातीच्या पाट्यांची लिपी उलगडली, तेव्हा कळले की जुन्या राजवाड्यांत सर्वांवर एकच राजा होता, ‘वानाक्स’. आणि पुढे ग्रीकमध्ये राजा या अर्थाने रूढ झालेला ‘बासिलेउस’ हा शब्द तेव्हा गावपातळीवरच्या प्रमुखासाठी, क्वचित कांस्यकारांच्या मुकादमासाठी वापरत. राजवाडे कोसळले, मोठा राजा गेला, उरले ते गावोगावचे प्रमुख. म्हणून ‘ओडिसी’त फाएशियन लोकांचा राजा सांगतो की इथे बारा राजे आहेत आणि मी तेरावा. आपल्या गावऱ्हाटीत तो सहज सामावला असता.

राजाला मान का द्यायचा, याचे उत्तर सार्पिडॉन नावाचा वीर बाराव्या सर्गात देतो. आपल्याला पंक्तीत पहिली जागा, मांसाचा चांगला तुकडा, भरलेला पेला आणि नदीकाठची जमीन मिळते, म्हणून लढाईतही पहिली ओळ आपलीच, असे तो मित्राला समजावतो. मान हे कर्ज आहे, ते देहाने फेडायचे.

अकिलीस तंबूत बसल्यावर अ‍ॅगमेम्नॉन त्याची समजूत घालायला माणसे पाठवतो. सोने, घोडे, सात गावे, शिवाय जावई करून घेण्याचे वचन. अकिलीस सगळे नाकारतो, आणि सोयरिकीबद्दल त्याचे उत्तर अगदी घरगुती आहे: मी जिवंत परतलो तर माझ्यासाठी बायको माझा बाप बघील. राजाच्या मुलीपेक्षा बापाची पसंती मोठी. हा बाप, म्हातारा पेलेउस, काव्यात एकदाही समोर येत नाही, पण शेवटाची किल्ली त्याच्याच हाती आहे.

शिरस्त्राण

वेशीच्या आत, ट्रॉयमध्ये, राजपुत्र हेक्टर आहे. सहाव्या सर्गात तो रणातून थोड्या वेळासाठी नगरात येतो. आई थोडे पेय घे म्हणते; तो नको म्हणतो. धाकटा भाऊ पॅरिस, ज्याने हेलनला पळवून आणून हे युद्ध ओढवले, तो घरात शस्त्रे पुसत बसला आहे; हेक्टर त्याला झापतो. मग वेशीपाशी बायको अँड्रोमॅकी भेटते, दाईच्या कडेवर तान्हे मूल.

अँड्रोमॅकीचे बोलणे म्हणजे घराचा हिशोब आहे. तिचा बाप आणि सात भाऊ अकिलीसने मारले. आता आई, बाप, भाऊ आणि नवरा या चारही नात्यांच्या जागी हेक्टर एकटा आहे. ती नुसती रडत नाही. अंजिराच्या झाडापाशी तट कमजोर आहे, सैन्य तिथे उभे कर आणि तू आत राहा, असा युद्धशास्त्राचा सल्लाही देते. हेक्टरला तिचे पटते. नगर पडणार हेही तो जाणतो. पण मागे राहिलो तर ट्रॉयच्या बायामाणसांना तोंड कसे दाखवू, म्हणून तो परत जाणार आहे.

तो मुलाकडे हात करतो. मूल किंचाळून दाईला बिलगते. बापाच्या डोक्यावर घोड्याच्या केसांचा हलता तुरा असलेले कांस्याचे शिरस्त्राण आहे, त्याला ते घाबरले. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला घेतो.

पॅरीचे म्हणणे इथे आठवावे. ‘झळाळत्या शिरस्त्राणाचा हेक्टर’ हा गायकाचा ओळ भरायचा तयार शब्दगुच्छ. शेकडो वेळा ऐकून कानाला त्याचे काही वाटेनासे झालेले असते. आणि नेमके तेच बिरूद कवीने एका तान्ह्याच्या डोळ्यांनी दाखवले. वीराची ओळख असलेली वस्तू, पण ती डोक्यावर असेपर्यंत पोर बापाला ओळखत नाही.

हेक्टरसारखा माणूस आपल्या जत्रेत आहे का? आहे, पण तो रामाच्या बाजूला नाही. भावाचे चुकले हे भावाच्या तोंडावर सांगून, तरीही भावासाठी रणात उतरणारा कुंभकर्ण तो हाच. त्याच घरातला बिभीषण दुसरी वाट धरतो, धर्म बघतो आणि रामाकडे जातो. आपण बिभीषणाची पूजा करतो आणि तरीही त्याला ‘घरभेदी’ म्हणायचे सोडत नाही. ट्रॉयमध्ये हेलनला परत द्या असे भर सभेत सांगणारा अँटेनॉर आहे. नगर पडल्यावर ग्रीकांनी त्याचे घर सोडून दिले असे नंतरच्या कथा सांगतात, आणि त्याही पुढे जाऊन काहींनी त्याला फितूर ठरवले. घराशी इमान आणि न्यायाशी इमान यांची गाठ पडली की नाव कोणाचे चांगले राहायचे, यावर दोन्हीकडच्या श्रोत्यांचे आजवर एकमत झालेले नाही.

मरणाचा हिशोब घरात

कोणी म्हणेल, ‘इलियड’चा निम्मा भाग तर मारामारीचाच आहे. खरे आहे. पण त्या मारामारीतही एखादा माणूस पडला की कवी थांबतो आणि त्याचे घर दाखवतो. सिमोइसियस पडतो, तेव्हा कळते की आईने त्याला सिमोइस नदीकाठी जन्म दिला म्हणून ते नाव, आणि आईबापांनी वाढवल्याची परतफेड त्याच्याकडून राहून गेली. इफिडामस नवा नवरदेव. मुलीसाठी शंभर बैल मोजून आला होता, आणखी हजार शेळ्यामेंढ्या द्यायचे कबूल केले होते, संसार मात्र झालाच नाही. प्रोटेसिलेउसचे घर अर्धेच बांधून झाले होते. असा प्रत्येक वेळी भाला एकाला लागतो आणि दूर कुठेतरी एक घर रिकामे होते. मारणारा आणि मरणारा कोणत्या बाजूचा, हे कवी बघत नाही.

मित्र पॅट्रोक्लसला हेक्टरने मारले म्हणून अकिलीस परत रणात येतो, हेक्टरला मारतो आणि त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेतो. मग शेवटच्या सर्गात, रात्री, हेक्टरचा म्हातारा बाप राजा प्रायम गाडीत खंडणी भरून शत्रूच्या तंबूत येतो. पन्नास मुलांचा बाप. तो अकिलीसचे गुडघे धरतो, मुलांना मारणाऱ्या त्या हातांचे चुंबन घेतो आणि एवढेच म्हणतो की तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. पेलेउस आता काव्यात शिरतो. दोघे रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. मग जेवतात. ‘इलियड’ तिथून हेक्टरच्या अंत्यविधीवर, म्हणजे शत्रूच्या घरच्या सुतकावर, संपते.

घराशी इमान दोन बाजूंनी ओढते तेव्हा काय करायचे? अ‍ॅगमेम्नॉन युद्धाहून घरी पोचतो आणि बायको व तिच्या प्रियकराच्या कटात मारला जातो. मुलगा ऑरेस्टीस सूड घेतो. ‘ओडिसी’त हे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते, पण आई कशी मेली याबद्दल होमर जवळजवळ मूक आहे. इ. स. पूर्व ४५८ मध्ये एस्किलसने त्याची वाच्यता रंगमंचावर केली: बापासाठी आईला मारणाऱ्या मुलाच्या मागे सूडदेवता लागतात. आमची तर भूमीच परशुरामाची म्हणतात, आणि दहा अवतारांतल्या या अवताराने बापाच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद केला. पण त्याने लगेच वर मागून रेणुकेला उठवले. अर्जुनही मण्याने उठला. अभिमन्यू आणि कर्ण उठले नाहीत हे खरे. तरी घरातल्याच हाताने घरातले माणूस मेले, तर आपल्या कथांना ते तसेच पडू देणे सोसवत नाही. ग्रीक कथा ते पडू देतात आणि मारणाऱ्याला जगायला लावतात.

झाडे मोजणारा मुलगा

‘ओडिसी’ तर कणकवली स्टेशनवर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उभे राहून वाचावी. दहा वर्षे युद्ध, दहा वर्षे परतीचा प्रवास. वीस वर्षांनी घरी आलेला हा चाकरमानी. घरात १०८ परके पुरुष बायकोशी लग्न करायला टपून बसले आहेत आणि गुरेढोरे खाऊन संपवत आहेत. वाटेत कॅलिप्सो देवीने त्याला अमर करते म्हटले होते. त्याने म्हातारी होणारी बायको आणि खडकाळ बेट मागितले. बायको पेनेलोपीला ओळख पटते ती पलंगावरून: तो पलंग जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा आहे, हलवता येत नाही, हे त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक.

बापाला ओळख पटते ती झाडांवरून. म्हातारा लाएर्टीस राजवाडा सोडून मळ्यावर राहतो. मुलगा जातो तेव्हा तो ठिगळाचे कपडे घालून एका झाडाला आळे करत असतो. सगळा मळा निगुतीने राखलेला, स्वतःकडे मात्र लक्ष नाही. ओडिसियस आधी खोटेच बोलतो, मग बापाने धूळ उचलून डोक्यावर घातलेली बघून त्याला राहवत नाही. पुरावा काय? तो झाडे मोजतो. मी लहान असताना तुमच्या मागे मागे फिरत नावे विचारत होतो, तुम्ही मला दिलीत: नासपतीची तेरा, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांतले बळ जाते.

आमच्याकडे सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-वीस नावे असतात. मुंबईहून आलेल्या नातवाचे नाव तिथे असते, पण पणजोबांचा हापूस कोणता, आत्याच्या लग्नाच्या वर्षी लावलेली पायरी कोणती, कापा फणस कुठला आणि बरका कुठला, हे त्याला कोणी मागे मागे फिरवून दाखवलेले असतेच असे नाही. ज्याला झाडे मोजता येतात, त्याला वारसा सिद्ध करायला कागद काढावा लागत नाही.

घरात टपून बसलेल्या ज्या पुरुषांना ओडिसियसने मारले, त्यांचे नातेवाईक यानंतर शस्त्रे घेऊन मळ्यावर चालून येतात. आजोबा, बाप आणि नातू एका रांगेत उभे राहतात. मुलगा आणि नातू शौर्यासाठी चढाओढ करत आहेत हे बघून म्हातारा खूश होतो. तो एक भाला फेकतो, एक माणूस पडतो. अथीना देवी ओरडते, झ्यूस वीज टाकतो आणि लढाई थांबते. बारा हजार ओळींच्या काव्यातली शेवटची लढाई गिरकीभरातच आटोपते.

जत्रेतही असेच होते. पूर्व उजळायला लागली, दहीकाल्याची हंडी बांधून झाली, की पायपेटीवरून खूण येते आणि आख्यान आवरते घ्यावे लागते. तेव्हा कापली जाते ती लढाई. मायलेकरांचे बोलणे कोणी कापत नाही. हंडी फुटते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी आमच्याकडे म्हणच आहे. त्या सकाळी अर्जुनाने मुकुट काढून पेटाऱ्यात ठेवला, तेव्हा म्हातारी अजून तिथेच होती. ती उठून जवळ गेली, रंग पुसलेल्या त्या माणसाला नीट न्याहाळले आणि विचारले, ‘‘घराक कधी जातलंस?’’